गाळलेलं सूप

तोरितामा, १२ मार्च २०२३

नाल्वाताई,

पत्ता अदेल्सॉनकडून घेतला. तुमच्या घटस्फोटाच्या कागदांवर होता. त्याने विचारलं, "कशाला हवाय?" मी म्हटलं, पत्र लिहायचंय. तो म्हणाला, "लिही की. माझ्यातर्फे सांग, तिच्या जुन्या जीन्सची मी गाडीच्या सीटांना कव्हरं शिवून घेतली. एका जीन्समध्ये दोन सीटा झाल्या." हे तुला कळवावं की नाही याचा मी बराच विचार केला. त्याने सांग म्हटलं होतं, म्हणून सांगितलं.

तू मला फोनवर बंद केलं आहेस त्याबद्दल माझी तक्रार नाही. मी आईजवळ राहते. माझा फोन आईच्या हातात असतो, तिचा माझ्या. तुला आम्हाला वेगळं काढता आलं नसेल. पण हे अक्षर तुला ओळखू येईल, कारण ते तूच दिलं आहेस. शाळेतली पोरं मला पाण्याची टाकी म्हणायची म्हणून मी जायला तयार नव्हते. मग तू दोन वर्षं मला घरीच, कापडं कापायच्या टेबलाखाली बसवून, जीन्सच्या चिंध्यांवर खडूने शिकवलंस. अजूनही ओळ वाकडी जाऊ नये म्हणून मी मनात कापडाचा उभा धागा धरते.

आता कामाचं. ऑपरेशनच्या रांगेत माझा नंबर जवळ आला आहे. तुझं झालं तेच, पोट लहान करायचं. रेसिफेच्या त्याच सरकारी हॉस्पिटलात. माझं वजन एकशे अडतीस आहे. पण मी वजनासाठी करत नाहीये. म्हणजे, हे अगदी खरं नाही. वजनासाठीही करते आहे. पण मुख्य म्हणजे झोपेत माझा श्वास थांबतो. डॉक्टर तार्सिझियो म्हणाले, "वय सत्तावीस, आणि छातीचा फोटो पन्नाशीच्या बाईचा." बाबा एकावन्नाव्या वर्षी खुर्चीत बसल्या बसल्या गेले, ते तुला माहीत आहे. तूच त्यांना उठवायला गेली होतीस.

हॉस्पिटलला सोबत लागते. घरातलं एक मोठं माणूस. तयारीच्या सभांना येईल आणि नंतर उशाशी राहील असं. त्याशिवाय ते तारीख देत नाहीत. आईला विचारलं. ती कात्री चालवत होती. थांबली नाही. म्हणाली, "एक पोर त्यांनी अर्धी करून परत दिली, आणि ती अर्धीसुद्धा माझ्याकडे राहिली नाही. आता दुसरी देऊ? मी काय कापडाचा तागा आहे, या आणि कापून न्या?"

म्हणून तुला विचारते आहे. येशील का? हॉस्पिटल तुझ्या घरापासून दोन बसांवर आहे. तपासण्यांना मी तिथे अनेकदा येऊन गेले. तुझी बस समोरून जाते. मी कधी बसले नाही.

आईला मी सांगितलेलं नाही की तुला लिहिते आहे. तिने विचारलं तर सांगेन.

नेइदे


तोरितामा, ९ मे

ताई,

उत्तर आलं नाही. पत्र हरवलंही असेल. हरवलं नसेल तरी चालेल, कारण सोबतीची अडचण आता उरलेली नाही. आई येते म्हणाली.

त्याचं असं झालं. एप्रिलमध्ये खिसे शिवता शिवता मला झोप लागली. मशीन चालूच होतं. सुई डाव्या हाताच्या बोटातून गेली, नखाशेजारून आत आणि खालून बाहेर. दुखलं नंतर. आधी आईच्या ओरडण्याने जाग आली. तिने चाक हाताने उलटं फिरवून सुई वर घेतली, मग माझं बोट आपल्या तोंडात घातलं, लहानपणी घालायची तसं. बोट तोंडातून काढून म्हणाली, "कधी आहे ती तुमची सभा?"

सभेला आम्ही दोघी गेलो. वीसेक जण असतील. खुर्च्या हात नसलेल्या, रुंद, तुला आठवत असतील. माझ्या शेजारी सोकोरो नावाची बाई बसली होती. तिचं हे दुसऱ्यांदा. पहिल्यांदा पन्नास किलो गेले, मग हळूहळू चाळीस परत आले. "हाकलू कसं?" ती म्हणाली. "माझेच आहेत. घराचा पत्ता त्यांना पाठ." मग तिने सांगितलं की पहिल्या वेळी तिचं वजन नियमापेक्षा दोन किलो कमी भरत होतं. ऑपरेशन नाकारतील म्हणून ती जीन्सच्या पितळी बटणांनी खिसे भरून काट्यावर उभी राहिली. "चालताना मी वाजत होते. नर्स म्हणते, बाई, तुमचे सांधे फारच वाजतात हो. मी म्हटलं, म्हणून तर आलेय ना बये." सगळे हसले. आईही हसली. आईला मी बऱ्याच दिवसांनी हसताना पाहिलं.

जिल्वान नावाचा एक जण बोलला. त्याचं होऊन सहा वर्षं झाली. बारीक आहे, शर्ट खांद्यावरून घसरतो. तो म्हणाला, "पोट लहान केलं त्यांनी. घसा तेवढाच ठेवला. जेवण जाईना, मग मी बाटली धरली. आता बाटली सोडायच्या दुसऱ्या सभेला जातो. तिथली कॉफी इथल्यापेक्षा बरी आहे." तो बोलत होता तेव्हा मी आईकडे पाहिलं नाही. पत्ता देताना अदेल्सॉनने आणखी एक गोष्ट सांगितली होती. ती मी पहिल्या पत्रात लिहिली नाही. आताही लिहीत नाही.

मग आहारवाल्या लिव्हियाने चौदा दिवसांचं समजावलं. तुला माहीत आहे, तरी लिहिते, कारण मी ते नीट ऐकलं की नाही हे मला लिहिल्यावरच कळतं. ऑपरेशनच्या आधी चौदा दिवस फक्त पातळ. गाळलेलं सूप, नारळाचं पाणी, बिनसाखरेचा चहा. वजन कमी व्हावं म्हणून नाही, यकृत लहान व्हावं म्हणून. ती म्हणाली, "यकृत म्हणजे दारात आडवा झोपलेला लठ्ठ कुत्रा. पोट त्याच्यामागे आहे. कुत्रा उठला नाही तर आम्ही आत जाणार कसे?"

शेवटी तिने विचारलं, घरच्यांपैकी कुणाला काही शंका? आईने हात वर केला. ताई, आपल्या आईने. शाळेतल्या मुलीसारखा, कोपरापासून सरळ.

"समजा तिने त्या चौदा दिवसांत खाल्लं. तर मरेल का?"

"मरणार नाही, दोना किटेरिया. आम्ही कॅमेरा आत घालू, यकृत मोठं दिसेल, पुढे जाता येणार नाही. मग कॅमेरा बाहेर काढू, टाके घालू आणि घरी पाठवू."

"जशी आली तशी?"

"जशी आली तशी."

"बरं," आई म्हणाली आणि हात खाली घेतला.

किती बारकाईने विचारलं तिने. मला बरं वाटलं.

तारीख ३० जून मिळाली आहे. म्हणजे पातळाचे दिवस बरोबर संत जुआँवच्या सणात येतात. सोकोरो म्हणाली, "अगं, हा डॉक्टर नक्की सण न मानणाऱ्यांच्या घरचा. सणाला उपाशी ठेवतोय."

नेइदे


तोरितामा, २२ जून

ताई,

आज सातवा दिवस. मी ठीक आहे.

गल्लीत सगळ्या दारांपुढे लाकडं रचून ठेवली आहेत. उद्या रात्री पेटवतील. कणसं पोत्यांनी आली आहेत. समोरच्या घरात अकॉर्डियनवाला सरावाला बसतो आणि एकच धून अर्ध्यावर सोडतो. शेजारणी ताटं घेऊन येतात, आई दारातच अडवते. "तिचं पातळ चालू आहे," म्हणते. त्या म्हणतात, "एक घास हो, सणाचा." आई म्हणते, "एक थेंबही नाही." एवढं ठामपणे म्हणते की मला तिच्याकडे बघत राहावंसं वाटतं.

सूप ती स्वतः करते. मला स्वयंपाकघरात येऊ देत नाही. वासाने त्रास होईल तुला, म्हणते. कोंबडी उकळते, धुतलेल्या सुती कापडातून गाळते आणि मोठ्या पेल्यात आणून देते, दिवसातून पाच वेळा. मी पीत असताना समोर बसते. सूप पातळ आहे. पेल्यातून ओतता येतं. छान लागतं. फारच छान लागतं.

मला भूक लागत नाही. सभेतले बाकीचे फोनवरच्या गटात लिहितात की भिंत चाटावीशी वाटते. सोकोरोने लिहिलंय की तिने कुत्र्याची बिस्किटं हातात घेऊन त्यावरची सगळी माहिती वाचून काढली आणि त्यात जीवनसत्त्वं बरीच आहेत. मी लिहिते, मी ठीक आहे. ते खरं आहे.

काल आईने मक्याची कांजिका ढवळायला घेतली. दूध, साखर, वरून दालचिनी. मोठ्या पातेल्यात, मोठ्या पळीने. आपल्यासाठी नाही, चर्चसाठी. ढवळता ढवळता थांबली आणि पातेल्यात बघत राहिली. मला माहीत आहे तिला काय आठवलं. तुलाही आठवत असणार. तुझं ऑपरेशन होऊन आठ महिने झाले होते. सगळी गल्ली अंगणात होती. तिने वाटी भरून तुझ्या हातात दिली. तू म्हणालीस, साखर नको आई, मला झेपत नाही. ती म्हणाली, "आईच्या हातचं झेपत नाही? बापाला आयुष्यभर झेपलं." सगळे बघत होते. तू खाल्लंस. मग तू पांढरी पडलीस, घामाने भिजलीस, आणि सगळ्यांसमोर जमिनीवर पडून थरथरत राहिलीस. आई म्हणाली, "उठ, नाटकं पुरे." तू उठून बसल्यावर तिला जे म्हणालीस ते मी इथे लिहीत नाही. ते ती अजून म्हणून दाखवते. रात्री नाही, दिवसाच. भांडी घासताना, एकटीच असल्यासारखी: "म्हणे मी जाडी मेलेली चालेन तुला, बारीक जिवंत नाही."

मला वाटतं, या वेळी ती शिकली आहे. मला तसं वाटतं.

नेइदे


तोरितामा, ५ जुलै

ताई,

झालं नाही.

मला भूल दिली, मी झोपले, जागी झाले. पोटावर पाच पट्ट्या होत्या. मी हात लावून मोजल्या. मला वाटलं, झालं. खूप शांत वाटत होतं. मग डॉक्टर तार्सिझियो आले आणि पलंगाच्या कडेवर बसले. डॉक्टर बसून बोलायला लागले की काय असतं ते मला बाबांच्या वेळेपासून माहीत आहे.

"नेइदे," ते म्हणाले, "यकृत तसंच्या तसं आहे. उलट थोडं वाढलंय म्हटलं तरी चालेल. मला पुढे जाता आलं नाही. मी तुमच्यावर ओरडणार नाही. फक्त खरं सांगा. काय खाल्लं?"

आई खिडकीजवळ खुर्चीत होती. पर्स मांडीवर. पर्सच्या चेनकडे बघत होती.

"केक," मी म्हटलं.

"कसला केक?"

"कसाव्याच्या कंदाचा. सणाचा."

"एकदा?"

"रोज."

डॉक्टरांनी आईकडे बघितलं. "दोना किटेरिया, तुम्हाला माहीत होतं?"

आई म्हणाली, "पोरगी मोठी आहे. मी काय तिच्या तोंडाला कुलूप लावू?"

ते उठले. म्हणाले, रांगेत पुन्हा मागे जावं लागेल. मी "बरं" म्हटलं. मला रडू आलं नाही. सोकोरोला त्याच दिवशी घेतलं, तिचं झालं. बाहेरच्या खोलीत तिला चाकाच्या खुर्चीतून नेत होते, तिने मला अंगठा दाखवला. मीही दाखवला. तिला वाटलं माझंही झालं.

ताई, मी केक खाल्ला नव्हता. एक तुकडासुद्धा नाही. मागच्या पत्रात मी लिहिलं की सूप छान लागतं. ते छान का लागत होतं ते मला तिसऱ्या दिवशी कळलं होतं. पेला रिकामा झाला की काचेवर एक पांढुरका थर राहायचा. कसावा उकडून मिक्सरमध्ये अगदी बारीक केलेला, त्यात बाटलीतलं पातळ लोणी, मलई. सगळं गाळलेलं. कापडातून आरपार जाईल इतकं बारीक केलेलं. त्यासाठी किती वेळ मिक्सर चालवावा लागला असेल. ती माझ्या आंघोळीच्या वेळी चालवत होती. नळाच्या आवाजात ऐकू यायचं.

मला कळलं आणि मी पेला खाली ठेवला नाही. का, ते मी या आठवड्यात बऱ्याचदा लिहून पाहिलं. ती समोर बसलेली असायची. मी घोट घेतला की तिचाही घसा हलायचा. यापेक्षा जास्त मला सांगता येत नाही. मी स्वतःला सांगितलं, पातळ आहे, पातळच सांगितलंय.

आणि सभेतला तिचा तो प्रश्न. मी तुला तो किती कौतुकाने लिहिला होता. तिने आधी विचारून घेतलं, ताई. मी मरणार नाही याची खात्री करून घेतली, आणि मगच सुरुवात केली.

पोटावरच्या पाच जागा भरत आल्या आहेत. आत काही बदललेलं नाही. मी खिसे शिवते आहे.

नेइदे


तोरितामा, १७ सप्टेंबर

ताई,

तू उत्तर देत नाहीस, तरी पत्रं परत येत नाहीत. म्हणजे कुणीतरी घेतं आहे.

आईशी बोलले. बोलायला मला दोन महिने लागले. त्या दोन महिन्यांत आम्ही दोघी रोज समोरासमोर मशीनवर बसत होतो, जेवत होतो, मालिका बघत होतो. मला राग आला नव्हता. आला असता तर लवकर बोलले असते. आतून काहीच येत नव्हतं. हात काम करायचे आणि मी त्यांच्याकडे बघायचे.

परवा ती बटणं लावत होती. मी म्हटलं, "आई, सुपात कसावा होता."

तिने मान वर केली नाही. "होता."

"का?"

"तू भुकेली होतीस."

"नव्हते."

"मग बघ. माझ्यामुळेच नव्हतीस."

मी पुढचा खिसा मशीनखाली सरकवला. तिने आणखी दोन बटणं लावली. मग म्हणाली, "मी तुला विष दिलं नाही, पोरी. मी जेवण दिलं. ती बारकी बाई काय म्हणाली होती? जशी आली तशी घरी पाठवू. मला जशी आली तशीच हवी होतीस. तुझी बहीण कशी परत आली? माझ्या उंबऱ्यात एक बाई उभी होती, तिचे गाल माझ्या ओळखीचे नव्हते. तिला माझ्या घरातलं काही चालत नव्हतं. भाकरी चालत नाही, दूध चालत नाही, नवरा चालत नाही, शेवटी आईपण नाही. मी कुणाला परत मागू? त्यांनी कापून फेकलेला तुकडा परत मागू?"

मी म्हटलं, "बाबा खुर्चीत गेले, आई."

"भरल्या पोटी गेला," ती म्हणाली. "हसत गेला. तू तरी बघितलंस का? मी बघितलं."

"मी झोपेत जाईन."

तेव्हा तिने वर पाहिलं. मी पुन्हा म्हटलं नाही. एकदा पुरे होतं. ती उठून आत गेली आणि मिक्सरचं भांडं घासत बसली, जे स्वच्छच होतं.

नंतर मी हॉस्पिटलात फोन केला. लिव्हियाशी बोलले. तिला सगळं सांगावं की नाही याबद्दल मी फार घोळ घातला. आईचं नाव न घेता कसं सांगायचं ते मी कागदावर मांडून ठेवलं होतं. तिने ऐकूनच घेतलं नाही. म्हणाली, "नेइदे, रोज केक खाणारी बाई एवढी नीट उत्तरं देत नाही. डॉक्टरांनाही पटलं नव्हतं. ते म्हणाले, स्वयंपाकघर बदललं तर मी तिला लवकर घेईन. कुणी आहे का तुमचं दुसरं?"

मी म्हटलं, विचारून सांगते.

म्हणून हे विचारणं. सोबत नको. उशाशी बसायला नको. चौदा दिवस तुझ्या घरात एक चटई. मी माझं सूप स्वतः करीन. तुला स्वयंपाकघरात यावं लागणार नाही. तुझ्याशी बोलायला हवं असंही नाही. तू कामाला गेलीस की मी बाहेर जाऊन बसेन, संध्याकाळी येईन.

नाही म्हटलंस तरी मी यानंतर लिहीन. फक्त हे विचारणार नाही.

नेइदे


तोरितामा, ३ डिसेंबर

ताई,

तुझं पत्र मिळालं. तीन ओळी. मी त्या लिव्हियाला वाचून दाखवल्या नाहीत, फक्त "आहे" म्हटलं. तारीख मार्चच्या अकराला आहे. कार्निव्हल संपल्यावर दुसऱ्या रविवारी मी निघेन.

तू लिहिलंस, "ये." तू लिहिलंस, "घरात बाटली नाही, तुला कुणी काही सांगितलं असेल तर. ऑगस्टपासून नाही." त्यावर मी काही विचारणार नाही. फक्त एवढंच की मी ते तीन वेळा वाचलं.

तिसरी ओळही समजली. "पिशवीत आईचं काहीही आणू नकोस." नाही आणणार.

नेइदे


बसमध्ये, २५ फेब्रुवारी २०२४

ताई,

हे टपालात टाकायचं नाही, हातातच देईन. पण लिहिते, कारण समोर आल्यावर मला हे सांगता येणार नाही. ग्रावाता मागे गेलं. घाट उतरते आहे बस, म्हणून अक्षर असं.

सकाळी उठले तेव्हा पिशवी भरलेली होती. मी तिच्यात कपडे ठेवले होते, पण कपडे एका बाजूला सारलेले होते आणि दुसरीकडे आईने भरलं होतं. चीज, फडक्यात बांधलेलं. भाजलेली कोंबडी. कसाव्याचं पीठ. लोण्याची बाटली, झाकणाला मेण लावलेली. सणावाराला करते तो केक, पानात गुंडाळलेला. आई दारात उभी होती. नवीन ब्लाउज घातलेला. तुझ्याकडे जाते आहे हे तिने विचारल्यावर मी सांगितलं होतं.

"हे तुझ्यासाठी नाही," ती म्हणाली. "हे तिच्यासाठी. तू फक्त ने."

मी म्हटलं, "ताईने लिहिलंय, आणायचं नाही."

"तुझ्या शब्दांत नको. काय म्हणाली?"

मी जसंच्या तसं सांगितलं. थोडं मऊ करून सांगायचं माझ्या मनात आलं होतं, पण मग तू विचारलं असतंस तर?

"'आईचं काहीही आणू नकोस,' असं लिहिलंय."

आई आत आली. मग म्हणाली, "आईचं."

"हो."

"किटेरियाचं नाही. त्या बाईचं नाही."

"नाही. आईचं."

"म्हणजे अजून म्हणते," ती म्हणाली, आणि पलंगावर बसून एक एक वस्तू बाहेर काढायला लागली. कोंबडी, चीज, पीठ. केक काढताना पान सुटलं, ते तिने पुन्हा नीट गुंडाळलं, आणि मग बाजूला ठेवलं. माझे कपडे पुन्हा घडी केले. पिशवी उचलून बघितली, हलकी झाली म्हणून बिचकली.

"तीन तासांचा रस्ता," ती म्हणाली. "असं रिकामं कसं पाठवू मी? पाणी चालतं का तुमच्या त्या पातळात?"

"पाणी चालतं."

तिने माठातून पेलाभर काढलं. मला वाटलं देईल, मी हात पुढे केला. पण तिने आधी स्वतः घोट घेतला, माझ्याकडे बघत, गिळेपर्यंत बघत. मग पेला उजेडात धरून मला दाखवला, आरपार. मग बाटली भरली, झाकण लावलं, बाटली पुसली.

मी बाटली घेतली. तिने माझे केस कानामागे केले. "श्वास घेत जा," ती म्हणाली.

बस आता सपाटीला लागली. बाटली भरलेलीच आहे, मी अजून उघडली नाही. तू पिशवीत नको म्हणाली होतीस, म्हणून ती पिशवीत ठेवलेली नाही. हातात धरली आहे. तुझ्या दारात येईन तेव्हाही हातातच असेल, म्हणजे तुला आधी दिसेल आणि मग मला आत घ्यायचं की नाही ते तू ठरवशील.

नेइदे